बॉलकडे न बघणारे काका

फुटबॉलच्या मैदानावर जाऊन बॉलकडे न बघणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. घरचा सामना असला की काका शनिवारी दुपारी ब्राटवुर्स्टच्या, म्हणजे भाजलेल्या सॉसेजच्या, टपरीशेजारी, कठड्याला पोट लावून उभे राहत. हातात क्लिपबोर्ड, कानामागे पेन्सिल. सगळं स्टेडियम बॉलबरोबर माना वळवत असताना काकांची मान फक्त एका पोराबरोबर वळायची. तो पळाला की वळायची, थांबला की थांबायची, आणि तो बुटाची नाडी बांधायला वाकला तर काका कानामागची पेन्सिल काढून काहीतरी लिहायचे. सामना कोण जिंकलं हे त्यांना परतीच्या एस-बान लोकलमध्ये माझ्याकडून कळायचं.

"बॉलकडे काय बघायचं?" ते म्हणायचे. "बॉल कुणीही बघतं. बॉलच्या हातात काही नसतं."

ज्याच्यावर ही नजर होती तो एकोणीस वर्षांचा मेक्सिकन पोरगा क्लबचा स्ट्रायकर होता आणि काकांच्या घरी वरच्या खोलीत राहत होता. तळघरात मी राहत होते. मधल्या मजल्यावर काका-काकू. त्या वर्षी आम्हा दोघांचंही काय होणार हे मधल्या मजल्यावर ठरत होतं.

काका मूळचे चिंचवडचे. तिथल्या एका कारखान्यात क्वालिटीत होते, तिथून जर्मनीत आले आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं क्वालिटीतच राहिले. एश्बॉर्नच्या ऑफिसातून आपण लवकर निवृत्ती घेतली, असं ते सांगत. काकू आतून म्हणत, "घेतली नाही गं, दिली." खरं काय ते मी कधी विचारलं नाही. पण शेवटच्या दिवशी त्यांनी ऑफिसातून ठिपक्यांच्या स्टिकरचे दोन मोठे रोल घरी आणले, हे मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. कारखान्यात भाग तपासला की पास झालेल्याला हिरवा ठिपका लागतो, नापासाला लाल. निवृत्त झाल्यावर काकांकडे भाग उरले नाहीत, ठिपके उरले. मग ते घराला लागायला सुरुवात झाली.

कुकरच्या शिटीला हिरवा. जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लाल, कारण ती कुरकुरायची. शेजारच्या बाईंनी प्रेमाने आणून दिलेल्या केकच्या डब्याला लाल. एकदा तर काकूंनी केलेल्या शिऱ्यावर, बरोबर मधोमध, जिथे बेदाणा असायचा तिथे लाल ठिपका.  काकूंनी तो शिरा ठिपक्यासकट माझ्याकडे खाली पाठवून दिला. शिरा उत्तम होता.

मी तळघर भाड्याने घेतलं तेव्हा कराराला तीन पानांची पुरवणी जोडलेली होती. खिडक्या सकाळी किती मिनिटं उघड्या ठेवायच्या, संध्याकाळी किती, आणि पोहे केल्यास किती. माझ्या जर्मन मैत्रिणीने ती वाचली आणि मला दुसरं घर बघायला सांगितलं. पण फ्रँकफुर्टच्या आसपास स्वतंत्र स्वयंपाकघर असलेली जागा, तीही स्टेशनपासून तीन मिनिटांवर, शोधून दाखवा. मी सही केली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जो भित्रेपणा केला त्याचं मूळ त्या सहीत आहे.

आता हा पोरगा काकांच्या तावडीत कसा सापडला? मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराच्या पलीकडचं कुठलंसं गाव त्याचं. एका बड्या जर्मन क्लबने त्याला आणलं, दोन महिने ठेवलं आणि मग आमच्या शेजारच्या शहरातल्या, तिसऱ्या लीगमधल्या क्लबला एका हंगामासाठी उसना दिला. शेजारणीला विरजण द्यावं तसा माणूस देतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. अट सरळ होती. हंगामाअखेरपर्यंत त्याने चमक दाखवली तर हा क्लब त्याला ठेवून घेणार, नाहीतर घरी. बडा क्लब त्याला परत घ्यायला तयार नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं.

क्लबला अशा पोरांसाठी घरगुती जागा हवी असते. काकूंनी बेकरीत क्लबने लावलेली चिठ्ठी पाहिली आणि हंबुर्गला गेलेल्या मुलाची खोली रिकामी आहे, असं कळवून मोकळ्या झाल्या. काकांनी त्या पोराची रीतसर मुलाखत घेतली. पोराला जर्मन येत नव्हतं, इंग्रजी 'हॅलो'च्या पुढे जात नव्हतं. मी पुण्यात शनिवार-रविवार क्लासला जाऊन स्पॅनिशच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. स्पेनला जायचं म्हणून शिकले आणि आले जर्मनीला. त्या क्लासची फी मला अशी वसूल झाली. मी थिसिस लिहीत होते, म्हणजे माझ्याकडे वेळच वेळ होता. काकांनी मला दुभाषी नेमलं, माझं मत न विचारता.

तो त्यांना 'सेन्योर' म्हणायचा. 'काका' हा शब्द त्याच्या भाषेत चारचौघांत उच्चारण्याजोगा नाही. मी पहिल्यांदा 'हे काका' अशी ओळख करून दिली तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला होता. काकांना वाटलं पोरगा लाजाळू आहे. मी तो गैरसमज आजतागायत दूर केलेला नाही.

काकूंचं आणि त्याचं दुभाष्याशिवाय जमलं. त्यांच्या मुलाने जन्मभर ब्र्योटशनला, म्हणजे इथल्या पावाला, चॉकलेट फासून खाल्लं. हा मात्र ठेच्याची वाटी समोर ओढून घ्यायचा आणि डोळ्यांतून पाणी न काढता संपवायचा. काकू त्याच्याशी सरळ मराठीत बोलायच्या, तो स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायचा आणि दोघं तासभर गप्पा मारायचे. काय बोलायचे कुणास ठाऊक.

नऊ सामने झाले तरी पोराचा गोल होईना. इथून काकांचं काम सुरू झालं.

काकांच्या धंद्यात आठ पायऱ्यांचा एक रिपोर्ट असतो. गिऱ्हाइकाकडे खराब माल गेला की तो भरायचा. तक्रार काय, मूळ कारण काय, उपाय काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, असं करत करत शेवटी आठवी पायरी येते: ज्यांनी काम केलं त्यांचं अभिनंदन. काकांच्या सगळ्या रिपोर्टांत आठव्या चौकटीत एकच जर्मन शब्द असायचा. 'एंटफेल्ट.' म्हणजे लागू नाही. "अठ्ठावीस वर्षांत एकदाही ती चौकट भरली नाही," हे ते मोठ्या अभिमानाने सांगायचे. काम करणं हे कामच आहे, त्याबद्दल अभिनंदन कसलं, असं त्यांचं म्हणणं.

काकांनी पोराच्या नावाने फाइल उघडली. तक्रार: गोल होत नाही.

मूळ कारण शोधायची एक पद्धत आहे, पाच वेळा 'का' विचारायचं. तिचा प्रयोग रविवारी जेवणाच्या टेबलावर झाला.

"त्याला विचार, काल गोल का झाला नाही?"

मी विचारलं. "बॉल बाहेर गेला म्हणतोय."

"का?"

"पाय चुकीचा लागला."

"का?"

"घाई झाली."

"का?"

"मागून तो उंच डिफेंडर येत होता."

"तो तर नव्वद मिनिटं येतच होता. घाई त्याच वेळी का झाली?"

पोराने भाकरीचा तुकडा मोडला, वर छताकडे बघितलं आणि म्हणाला, देवाची इच्छा.

"हे मूळ कारण नाही," काका म्हणाले. "देवाला रिपोर्टात घेता येत नाही. सांग त्याला."

"अहो, जेवू द्या त्याला," काकू म्हणाल्या.

"आल्झो, म्हणजे पाचव्या 'का'चं उत्तर बाकी आहे." काकांनी पेन्सिल काढली. "आणि त्याला हेही सांग, की त्याचा डावा पाय ही निव्वळ शोभेची वस्तू आहे. कपाटात ठेवली तरी चालेल."

मी पोराला सांगितलं, सेन्योर म्हणतात तुझा डावा पाय दिवसेंदिवस सुधारतोय. तो खुलला. म्हणाला, त्यांना सांग की ते लिहितात तेव्हा मला भीती वाटते. मैदानावरसुद्धा माझं लक्ष त्यांच्या पेन्सिलीकडेच असतं, लिहिताहेत की नाही ते बघायला. त्यांना लिहू नका म्हणशील का?

काका माझ्याकडे बघत होते. "काय म्हणतो?"

"थँक्यू म्हणतोय," मी म्हणाले.

हे नोव्हेंबरात झालं. मला तीन पानांची पुरवणी आठवली, स्टेशनपासूनची तीन मिनिटं आठवली. 'तुमच्यामुळेच गोल होत नाही' हे घरमालकाला सांगायला जी छाती लागते ती माझ्याकडे नव्हती. उगाच लांबड लावत नाही. मी घाबरले.

मग हिवाळाभर काका रोज सकाळी दहाला सरावालाही जायला लागले. जर्मन क्लबांच्या सरावाला कुंपणाबाहेर निवृत्त मंडळी उभी असतात. थर्मास, कुत्रं आणि प्रत्येक खेळाडूबद्दल ठाम मत, एवढं भांडवल पुरतं. त्यांना तिथे 'कीबिट्झ' म्हणतात. पत्त्यांच्या डावात मागे उभं राहून सल्ले देणाऱ्यालाही हाच शब्द आहे. काका त्यांच्यात बेमालूम मिसळले, फक्त कुत्र्याऐवजी मला घेऊन. तिथल्या एका म्हाताऱ्याने पोराला आठवडाभर पाहिलं आणि आपला निर्णय दिला: मुलगा फार विचार करतो. "जा, जा," काका मान डोलवत जर्मनमध्ये 'हो, हो' म्हणाले, आणि माझ्याकडे वळून मराठीत, "विचार मोजता येत नाही. हा माणूस निरुपयोगी आहे."

ट्रेनरला भेटण्याचा प्रकार तर बघण्यासारखा होता. काका फाइल घेऊन सरावानंतर त्याच्यासमोर उभे राहिले. ट्रेनरने चार पानं उलटली. पोरगा पाणी किती वेळा प्यायला, त्याने मोजे किती वेळा वर ओढले, श्वास तोंडाने किती वेळा घेतला, सगळे तक्ते रंगीत. तो म्हणाला, "इंटरेसांट." मग त्याने विचारलं की पोरगा ऑफसाइडला वारंवार का अडकतो याबद्दल तुमचं काय निरीक्षण आहे. काका म्हणाले, "त्याची मला कल्पना नाही. मी खेळ बघत नाही." ट्रेनरने फाइल दोन्ही हातांनी, अगदी आदराने परत केली. घरी येताना काका खुशीत होते. जर्मन माणूस 'इंटरेसांट' म्हणाला की त्याला आता घरी जायचं असतं, हे तीस वर्षं इथे राहून त्यांच्या कानावरून गेलं होतं.

फेब्रुवारीत त्यांना खरोखरच काहीतरी सापडलं, हे मला कबूल केलं पाहिजे. गंमत म्हणून तिथे उभी असलेली मीही बघत होते, ट्रेनर बघत होता, हजारो लोक बघत होते, आणि ते कुणालाच दिसलं नव्हतं कारण सगळे बॉलकडे बघत होते. बॉल पायात आला की हा पोरगा मारायच्या आधी क्षणभर मान वळवायचा. दर वेळी. तेवढ्या क्षणात डिफेंडर पोचायचा. आणि हाफटाइमनंतर बाजू बदलल्या तरी तो एकाच ठिकाणी बघायचा: ब्राटवुर्स्टच्या टपरीकडे.

"भूक," काकांनी जाहीर केलं. "पोरगा उपाशी खेळतोय."

खरं कारण मला माहीत होतं, तरी मी मान डोलावली. सामन्याआधी तीन तास काकूंनी त्याला चार भाकऱ्या आणि पिठलं घालायचं असं ठरलं. पोरगा त्या शनिवारी जड पावलांनी पळाला आणि मान तरीही टपरीकडे वळवली. मग डोळ्यांचा डॉक्टर. जर्मनीत डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत नंबर बदलतो, पण काकांनी रोज सकाळी आठला फोन करून करून त्या रिसेप्शनवालीला शरण आणलं. डोळे ठणठणीत निघाले. मग मानेचा व्यायाम. मग एके दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि घसा साफ केला.

"हे बघ, तू टपरीशेजारीच उभी असतेस."

"तुमच्याबरोबर असते, काका."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मी भावना विचारत नाहीये, निरीक्षण विचारतोय. तुमचं दोघांचं काही…?"

मी त्या पोरापेक्षा सात वर्षांनी मोठी होते आणि माझा जीव त्या दिवसांत थिसिसच्या चौथ्या प्रकरणात अडकला होता. मी काही बोलायच्या आत काकू दाराआडून इतक्या मोठ्याने हसल्या की काकांनी तो रकाना तिथल्या तिथे खोडून टाकला.

शेवटी त्यांनी जे केलं ते अस्सल क्वालिटीवाल्याचं काम होतं. टपरीपाशी नक्की काय आहे हे लांबून बघावं म्हणून ते एका शनिवारी मैदानाच्या पार दुसऱ्या बाजूला, समोरच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. मला टपरीपाशीच ठेवलं. पोराच्या पायात बॉल आला. त्याने मान वळवली, टपरीकडे नाही, समोरच्या कठड्याकडे. पुन्हा आला, पुन्हा तिकडेच. मला मैदानापलीकडे काकांचा निळा कोट दिसत होता. हात लिहायचा थांबला होता. हाफटाइमनंतर कोट गोलपोस्टच्या मागे सरकला. पोरगा बॉल घेऊन निघाला होता उलट्या दिशेला, आणि मागे वळून बघताना बॉलवरच अडखळून पडला.

परतीच्या गाडीत काकांनी स्कोअर विचारला नाही. दोन स्टेशनं गेल्यावर म्हणाले, "तो माझ्याकडे का बघतो?"

"तुम्ही लिहिता म्हणून."

"हा अंदाज आहे की माहिती?"

"माहिती. त्यानेच सांगितलंय."

"कधी?"

"नोव्हेंबरात. पाच वेळा 'का' विचारलंत, त्या दिवशी."

काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मला वाटलं आता जागा सोडायची नोटीस. पण ते वळले आणि खऱ्या कळवळ्याने म्हणाले, "मग रिपोर्टात का आलं नाही?"

 त्या पोराचे चार महिने गेले होते. त्यांतले अर्धे काकांनी घालवले होते, अर्धे मी, आणि हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराला लाल ठिपका होता. तो मला मान्य होता. पण वर चहाला गेले तर काकूंनी मला हाताला धरून बाथरूममध्ये नेलं आणि आरसा दाखवला. आरशावर, काका दाढी करताना त्यांचं कपाळ येतं बरोबर त्या उंचीवर, दुसरा लाल ठिपका.

"काढू का?" मी विचारलं.

"हात लावू नकोस," काकू म्हणाल्या. "तीस वर्षांत पहिल्यांदा योग्य जागी लागलाय." मग त्यांनी कमोडचं झाकण लावून त्यावर बसकण मारली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या मुलाचीही अशीच फाइल होती गं. पोहायचा. चांगला पोहायचा. हे तलावाच्या काठावर घड्याळ आणि पेन्सिल घेऊन उभे. प्रत्येक वेळी श्वास घ्यायला मान बाहेर काढली की पोर आधी यांच्याकडे बघायचं. चौदाव्या वर्षी म्हणाला, 'इश विल निष्ट मेअर.' मला आता नको. तेव्हापासून जर्मनच बोलतो तो यांच्याशी. पंधरा दिवसांनी फोन करतो, आई आहे का विचारतो."

काकांनी फाइलमध्ये चौथ्या पायरीवर लिहिलं: मूळ कारण, निरीक्षक. पाचवीवर लिहिलं: निरीक्षक हटवणे. आणि ते सामन्यांना यायचे बंद झाले. सरावालाही. एप्रिलपासून तसं ट्रेनरनेही पोराला बाकावरच बसवायला सुरुवात केली होती, त्यामुळे उपाय लागू पडला की नाही हे कळायला मार्ग नव्हता. हंगामाचा शेवटचा सामना आला. दोन स्ट्रायकर जखमी, म्हणून पोराला सुरुवातीपासून खेळवणार होते. ट्रेनरने त्याला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं की क्लबचे लोक आज बघणार आहेत, काय ते आज. त्याने मेक्सिकोला आईला फोन केला तेव्हा वरच्या खोलीतून नुसतं "सी, मामा, सी, मामा", हो आई, हो आई, एवढंच ऐकू येत होतं. त्याची बॅग अर्धी भरलेली होती, हे काकूंनी पाहिलं होतं.

काका म्हणाले, मी येणार नाही. पण स्टेडियमपर्यंत आले. बाहेर, जिथे सायकली लावतात तिथे कुंपणाकडे पाठ करून उभे राहिले. क्लिपबोर्ड बगलेत होताच. सवय.

आत पोराने पहिल्या दहा मिनिटांत टपरीकडे बघितलं. मी एकटी. त्याने समोरच्या कठड्याकडे बघितलं, मग दोन्ही गोलपोस्टच्या मागे. जत्रेत हात सुटलेल्या मुलासारखा तो सगळं मैदान धुंडाळत होता. बॉल त्याच्या शेजारून जात होता आणि ह्याचं लक्षच नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या. हाफटाइमला आत जाताना त्याने माझ्याकडे बघून दोन्ही हात पसरले: कुठे?

मी धावत बाहेर गेले. "काका, चला. तो तुम्हाला शोधतोय."

"निरीक्षक हटवलाय ना? मग?"

"तुमचं निदान अर्धं चुकलंय. त्याला तुम्ही हवे आहात, तुमची पेन्सिल नकोय. या देशात फक्त त्याच्यासाठी मैदानावर येणारं दुसरं कोण आहे?"

"हा अंदाज आहे की माहिती?"

"काका, चला!"

मी त्यांच्या कानामागची पेन्सिल काढली, बगलेतला क्लिपबोर्ड ओढला आणि दोन्ही कुणाच्यातरी सायकलच्या टोपलीत टाकले. ते माझ्यामागून आले. टपरीशेजारी उभे राहिले खरे, पण हातांचं काय करायचं हे त्यांना कळेना. कोटाच्या खिशात घातले, बाहेर काढले, कठड्यावर ठेवले. पोरगा मैदानात आला आणि त्याने बघितलं. कानाकडे बघितलं, हातांकडे बघितलं. काकांनी काय करावं? हात रिकामे होते म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. तीन. हजेरी घेतल्यासारख्या.

पोरगा हसला, आणि मग उरलेला सगळा वेळ त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

गोल काही वर्णन करण्यासारखा नव्हता. उजवीकडून बॉल आला, गोलकीपरच्या हातून निसटला, गर्दीत दोघे आपटले आणि तो पोराच्या गुडघ्याला लागून आत गेला. पण आत गेला. माझ्या शेजारच्या माणसाची बिअर माझ्या डोक्यावर. काका अजून पोराच्या चेहऱ्याकडे बघत होते, पोरगा दोन्ही हात पसरून कोपऱ्याकडे पळत होता, आणि काका मला कोपराने ढोसत विचारत होते, "काय झालं? आत गेला का?"

"गेला!"

"डाव्या पायाने?"

"गुडघ्याने."

"कुठल्या?"

"डाव्या, काका, डाव्या!"

"बघ," काका म्हणाले. "म्हणजे शोभेची वस्तू नव्हती."

बुधवारी क्लबने त्याला आणखी दोन वर्षांसाठी ठेवून घेतलं. करारावर सही करून पोराने पहिलं काम कुठलं केलं असेल तर स्वतःसाठी वेगळं घर शोधलं. मला त्याचा हेवा वाटला.

पुढच्या रविवारी तो निरोपाचं जेवायला खाली आला. काकूंनी ठेच्याची बरणी बांधून दिली. काकांनी फाइल काढून त्याच्यासमोर ठेवली, आठवण म्हणून. त्याने एकेक पान उलटलं, मोज्यांच्या तक्त्यावर हसला आणि शेवटच्या पानावर थांबला. या चौकटीत काय लिहायचं असतं, त्याने मला विचारलं. ज्यांनी काम केलं त्यांचं अभिनंदन, मी सांगितलं. मग इथे हा एकच शब्द का आहे? त्याचा अर्थ काय? मी सांगितला. तो एक वाक्य बोलला.

"काय म्हणतो?" काकांनी विचारलं.

हंगामात पहिल्यांदा मी शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं. "तो म्हणतोय, सेन्योर, तुमच्या सगळ्या आयुष्यात एकानेही चांगलं काम केलं नाही का?"

काकूंनी वाढता वाढता हात थांबवला. काका उठले. मला वाटलं लाल रोल आणायला गेले. ते फोन घेऊन आले. फोन त्यांना नेहमी स्पीकरवर लागतो, कारण कानाला लावला की बॅटरी किती उरली ते दिसत नाही. हंबुर्गला घंटा वाजली.

"हॅलो? मामा?" जर्मन 'मामा', म्हणजे आई.

"मी बोलतोय," काका म्हणाले. "बाबा."

"आ, हॅलो. इस्ट मामा दा?"

"आहे. काम तुझ्याकडेच आहे." त्यांनी पेन्सिल शोधली. ती त्या सायकलबरोबर कधीच निघून गेली होती. "तू चांगलं पोहायचास. म्हणजे, वेळ वगैरे नाही सांगत. नुसतं चांगलं पोहायचास. हे तेव्हा सांगायचं राहिलं."

 पोराने हळूच ठेच्याची वाटी बाजूला सरकवली. मग पलीकडून मुलाचा आवाज आला, सावकाश, अडखळत, आणि मराठीत. मी त्या घरात दोन वर्षं राहिले, त्याचं मराठी मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

"आई," तो म्हणाला, "बाबांना काय झालंय?"

"काही नाही रे," काकूंनी पदराने डोळे पुसले. "आठवी पायरी आहे."